रुग्णाचं नाव

रात्री पावणेदहा. शटर अर्धं ओढलेलं,
तेवढ्यात चुडामण वाकून आत आला.
हातात केळीचं निळं कॅरेट,
आत पोत्यावर दोन पिल्लं, कारण घरी एकटी ठेवायची भीती.
भरीत काळा, निखाऱ्यावरून नुकताच उतरवल्यासारखा.
वांगी त्याची बहीण,
तिला दुसरं नाव तरी काय ठेवणार.

वास आधी आला.
सावद्यात मे महिन्यात सगळ्यालाच वास असतो,
काळ्या पडलेल्या केळीला, गटारीला, तापल्या डांबराला.
हा त्यांतला नव्हता.
गोडसर, लोखंडी.

चिठ्ठी डॉक्टर तडवींची.
औषध माणसांचं, फ्लूचं.
मी फोन लावला.
"पार्व्होचं नाही ते, माहीत आहे मला," म्हणाले.
"त्या विषाणूला थेट गाठेल असं माझ्या कपाटात काहीच नाही.
सलाईन देतोय, उलटी थांबवायचं इंजेक्शन देतोय.
हे लोकांनी कुठंकुठं देऊन पाहिलंय,
कुणी म्हणतं फरक पडतो, कुणी म्हणतं काही नाही.
पोराला तसंच सांगितलं.
तो म्हणाला, द्या."

रजिस्टरात रकाना आहे : रुग्णाचं नाव.
मी लिहिलं, भरीत. वय अडीच महिने.
पत्ता, केळी ग्रुपच्या शेडमागे.
खालच्या ओळीत वांगी. वय तेवढंच.
चुडामण काउंटरपलीकडून उलटी अक्षरं वाचत होता.
"आडनाव नही लिहत का, मावशी?"

पट्टीतून कात्रीने दोन कॅप्सूल कापल्या.
ज्याची बाटली त्याला, ज्याची सिरिंज त्याला,
साखरपाण्यात कालवून, गालाच्या आतून, थेंब थेंब.
"मान्साचं औसद कुत्र्याले लागू पडतं?"
वीस वर्षं औषधं विकते मी,
माणसाला लागू पडेल का, हेही पट्टी बघून सांगता येत नाही.
म्हटलं, "डॉक्टरांनी वजन केलं ना?"
"केलं. घडाच्या काट्यावर."

शटर लावून त्याच्या मागे गेले.
घरी जायचा रस्ता तो नव्हे.
शेडमध्ये काट्याच्या आकड्याला, जिथे घड लटकतो,
तिथे सलाईनची बाटली.
नळी खाली कॅरेटमध्ये, वांगीच्या पुढच्या पायात.
डॉक्टर उकिडवे, टॉर्च दातांत.
सुई अर्ध्या किलोवरून मागे येत होती,
येताना दिसत मात्र नव्हती.
चुडामणचा बाप, दिवसभर ट्रक भरून आलेला,
सुईवरून नजर काढेना,
समोर व्यापारी उभा असावा तसा.

सहाव्या दिवशी भर दुपारी पोरगा आला.
काउंटरवर एक कॅप्सूल ठेवली, न फोडलेली.
उरलेलं औषध परत आणणाऱ्याला
आमच्या धंद्यात विचारत नाहीत, बरं झालं का.
कारणं दोनच असतात,
पैसे दोन्हींत सारखेच.
कापलेली सुटी परत घेता येत नाही.
घेतली.

तोच बोलला,
"वांगीच्या वाट्याची हाये. उरेल.
त्याच राती गेली ती.
सिरिंज भी कोरी हाये, आनू?"

मी गल्ल्यातली नाणी मोजली. पुन्हा मोजली.

"भरीतनं आज पेज चाटली.
मंग ओकला नही."

औषधानं, की सलाईननं, की स्वतःच्या हट्टानं?
डॉक्टर म्हणाले, एका पिल्लावरून काय सांगू,
दोन्ही जगली असती तरी सांगता आलं नसतं.

पैसे त्याने घेतलेच नाहीत, ब्लीचिंग पावडर मागितली.
वर्षभर मातीत टिकतो म्हणे तो,
कॅरेट, पोतं, शेडमागची जागा,
सगळं धुवायचंय.
जाताना पुडी हुंगली त्याने आणि शिंकला.

रात्री रजिस्टर उघडलं.
खालच्या ओळीपुढे लिहिलं : परत, एक.
मग पेनाचं टोपण सापडेना.